लिओ कॅनर : आईवरचा ठपका आणि तो पुसायला लागलेली वर्षे

मूल अडीच वर्षांचे झाले तरी बोलत नाही, नावाने हाक मारली तर वळून पाहत नाही, तासन्‌तास ताटली फिरवत बसते. असे मूल घेऊन पुसद, उमरखेड, वणी किंवा झरीच्या बाजूने आईबाप यवतमाळला येतात, तेव्हा मुलाच्या आधी आईची तपासणी होऊन गेलेली असते. ग्रहण पाळले नाही, गरोदरपणी ताप अंगावर काढला, लेकराच्या हाती मोबाईल दिला, त्याला दुसऱ्याकडे टाकून शेतावर गेली. घरातले, शेजारचे, नात्यातले आपापला निकाल देऊन मोकळे झालेले असतात. हा निकाल केवळ गावातला नाही. एकेकाळी तो मोठमोठ्या वैद्यकीय नियतकालिकांतही छापला जात होता. आणि ज्या डॉक्टरने ऑटिझमला, म्हणजे स्वमग्नतेला, वैद्यकशास्त्रात स्वतंत्र जागा मिळवून दिली, त्याच्याच लिखाणातून या निकालाला बळ मिळाले होते. त्या डॉक्टरचे नाव लिओ कॅनर.

आज नवजात बाळाच्या रक्तातील प्रतिकारशक्तीच्या खुणा आणि पुढे दिसणारा ऑटिझम यांचा संबंध शोधला जात आहे. त्याच्या बातम्या वाचून पुन्हा काही घरांत गरोदरपणातल्या तापाचा हिशेब मांडला जातो. म्हणून कॅनर यांचे आयुष्य समजून घेणे उपयोगाचे आहे.

सरहद्दीवरच्या गावातून बर्लिनला

कॅनर यांचा जन्म १३ जून १८९४ रोजी ब्रॉडी शहराजवळच्या क्लेकोटुव्ह या खेड्यात, एका ज्यू कुटुंबात झाला. हा भाग तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता, आज तो युक्रेनमध्ये आहे. वडील धर्मग्रंथांचे अभ्यासक होते. मुलाला मात्र कवी व्हायचे होते. कविता छापून आल्या नाहीत आणि तो वैद्यकीकडे वळला.

१९०६ मध्ये कॅनर बर्लिनला आले. १९१३ मध्ये कॅनर यांनी तिथल्या विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण सुरू केले. पहिले महायुद्ध पेटले आणि शिक्षण अर्धवट सोडून त्यांना ऑस्ट्रियाच्या सैन्यात वैद्यकीय सेवेत जावे लागले. युद्ध संपल्यावर अभ्यास पुरा करून १९२१ मध्ये ते डॉक्टर झाले. बर्लिनच्या शॅरिटे या प्रसिद्ध रुग्णालयात ते हृदयाचे आवाज आणि हृदयाचे आलेख यांवर काम करत होते. मनोविकारांशी किंवा लहान मुलांशी त्यांचा तेव्हा काही संबंध नव्हता.

त्या वर्षांत जर्मनीत महागाई अशी भडकली होती की सकाळचा पगार संध्याकाळपर्यंत कवडीमोल होत असे. घरी पत्नी आणि लहान मुलगी होती. ओळखीच्या एका अमेरिकन डॉक्टरने मदतीचा हात दिला आणि १९२४ मध्ये कॅनर साउथ डकोटा राज्यातील यांक्टन या गावी सरकारी मनोरुग्णालयात नोकरीला लागले. भाषा परकी, विषय परका, गाव आडवळणाचे. तिथेच त्यांनी मनोविकारशास्त्र शिकले. शिकवायला कोणी नव्हते, समोर रुग्ण होते. फावल्या वेळात त्यांनी दातांविषयीच्या लोकसमजुतींवर एक पुस्तकही लिहिले, ते १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्ण काय म्हणतो, त्याचे घरचे काय मानतात, हे टिपून ठेवण्याची सवय त्यांना इथेच लागली. पुढे तीच त्यांच्या कामाला आली.

बालमनोविकारांचा पहिला दवाखाना

१९२८ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, अॅडॉल्फ मायर या नामवंत मनोविकारतज्ज्ञांच्या हाताखाली त्यांना शिष्यवृत्ती मिळाली. दोन वर्षांनी त्याच रुग्णालयाच्या बालरोग विभागात, म्हणजे हॅरिएट लेन होममध्ये, मुलांच्या मानसिक आजारांचा विभाग उभा करण्याचे काम त्यांच्याकडे आले. १९३५ मध्ये त्यांनी बालमनोविकारांवरचे पाठ्यपुस्तक लिहिले. इंग्रजीतले हे या विषयावरचे पहिले पाठ्यपुस्तक मानले जाते आणि पुढची कित्येक वर्षे ते जगभर वापरले गेले.

कॅनर केवळ दवाखान्यात बसणारे डॉक्टर नव्हते. मतिमंद मुलींच्या एका सरकारी संस्थेतून वकिलांच्या मदतीने दीडशेहून अधिक मुलींची सुटका केल्याचे दाखवून त्यांना श्रीमंतांच्या घरी जवळजवळ फुकट मोलकरणी म्हणून राबवले गेले होते. काम जमले नाही की त्यांना रस्त्यावर काढले जाई. कॅनर यांनी एकेकीचा माग काढायला लावला आणि १९३७ मध्ये मनोविकारतज्ज्ञांच्या परिषदेत हे प्रकरण उघड केले. हिटलरच्या राज्यातून जीव वाचवून निघू पाहणाऱ्या सुमारे दोनशे ज्यू डॉक्टरांना अमेरिकेत येण्यासाठी त्यांनी मदत केली. बुद्धीने अधू मुलांना दयामरण द्यावे असा विचार अमेरिकेतील एका नामवंत मेंदूतज्ज्ञाने १९४२ मध्ये मांडला, तेव्हा त्याच नियतकालिकात त्याला विरोध करणारे कॅनरच होते.

तेहतीस पानांचे पत्र

मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या छोट्या गावातल्या एका वकिलाचा मुलगा इतरांसारखा नव्हता. त्याला गाणी आणि आकडे चटकन पाठ होत, पण आई आली काय, गेली काय, त्याला फरक पडत नसे. भांडी आणि ठोकळे गरगरा फिरवणे हा त्याचा आवडता खेळ. नेहमीच्या क्रमात जरा बदल झाला की तो आकांत करी. त्या काळच्या सल्ल्याप्रमाणे आईवडिलांनी त्याला तिसऱ्या वर्षी एका संस्थेत ठेवले होते. वर्षभराने त्यांनी त्याला परत घरी आणले. वडिलांनी मुलाबद्दल जे जे पाहिले ते सगळे टंकलिखित करून कॅनर यांना पाठवले. ते पत्र तेहतीस पानांचे होते. ऑक्टोबर १९३८ मध्ये पाच वर्षांचा डोनाल्ड ट्रिपलेट बाल्टिमोरला कॅनर यांच्यासमोर आला.

पुढच्या चार-पाच वर्षांत अशी आणखी मुले आली. व्हिएन्नाच्या बालरुग्णालयातून आलेले जॉर्ज फ्रांकल हे डॉक्टर या तपासण्यांत त्यांच्यासोबत होते. १९४३ मध्ये कॅनर यांनी अकरा मुलांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्यांत आठ मुलगे आणि तीन मुली होत्या. माणसांशी नाते जुळण्यातली अडचण आणि सगळे जसेच्या तसे राहावे हा हट्ट, या दोन गोष्टी त्यांनी मुख्य मानल्या. अशा मुलांना तोवर मतिमंद, बहिरे किंवा वेडे समजले जाई. ही वेगळी स्थिती आहे, हे कॅनर यांनी दाखवून दिले. रशियात ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२० च्या दशकात आणि व्हिएन्नात हान्स अॅस्परगर यांनी १९४४ मध्ये अशाच मुलांची वर्णने केली होती, पण जगाचे लक्ष गेले ते कॅनर यांच्या लेखाकडे.

त्या लेखाचा शेवट महत्त्वाचा आहे. ही अडचण मूल जन्माला येतानाच घेऊन येते, असे अनुमान कॅनर यांनी तिथे काढले होते. पहिल्या वर्षापासूनच ही मुले वेगळी होती, मग सगळा दोष संगोपनाचा कसा, असा त्यांचा साधा तर्क होता.

चूक कुठे झाली

पण त्याच लेखात त्यांनी आईवडिलांविषयीही लिहिले होते. हे पालक फार शिकलेले, फार हुशार, पण मुलांशी मोकळेपणाने वागणारे त्यांत थोडेच. असे दिसण्याचे कारण आज सहज कळते. त्या काळी बाल्टिमोरच्या महागड्या तज्ज्ञापर्यंत लांबून पोहोचणारे लोक शिकलेले आणि पैसेवालेच असणार. गरिबाचे मूल तिथवर पोहोचतच नव्हते. दवाखान्यात जे येतात त्यांच्यावरून न येणाऱ्यांचा अंदाज बांधू नये, हा धडा प्रत्येक डॉक्टरने गिरवण्यासारखा आहे.

१९४९ च्या लेखात कॅनर यांनी पालकांच्या थंडपणावर जास्त भर दिला आणि या घरांची तुलना फ्रिजशी केली. अमेरिकेतल्या साप्ताहिकांनी ती उचलली. मनोविश्लेषणाचा जमाना होता. मुलाच्या प्रत्येक त्रासाचे मूळ आईच्या वागण्यात शोधायची पद्धत होती. बघता बघता ऑटिझम म्हणजे आईच्या मायेच्या दुष्काळाचा आजार, असे पक्के झाले. १९६७ मध्ये ब्रूनो बेटेलहाइम यांच्या गाजलेल्या पुस्तकाने त्यावर कळस चढवला. हजारो आयांना मुलांपासून दूर ठेवले गेले, त्यांच्यावरच उपचार केले गेले. गंमत अशी, की याच कॅनर यांनी १९४१ मध्ये आयांची बाजू घेणारे आणि अतिउत्साही मानसशास्त्रज्ञांपासून त्यांना सावध करणारे एक पुस्तक लिहिले होते. स्वतःच्या क्षेत्रात वारे फिरले तेव्हा मात्र तेही त्या वाऱ्याबरोबर काही वर्षे वाहत गेले.

या समजाला पहिला मोठा धक्का दिला तो एका बापाने. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकन नौदलात मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांच्या मुलाला ऑटिझम होता. उपलब्ध सगळे लेखन वाचून त्यांनी १९६४ मध्ये पुस्तक लिहिले आणि हा मेंदूच्या जडणघडणीचा प्रश्न आहे असे मांडले. त्या पुस्तकाला प्रस्तावना कॅनर यांची होती. पाच वर्षांनी, १९६९ मध्ये, पालकांच्या राष्ट्रीय संघटनेचा मेळावा वॉशिंग्टनला भरला. पंचाहत्तरीचे कॅनर व्यासपीठावर उभे राहिले. ही स्थिती जन्मजात आहे हे आपण पहिल्याच लेखात लिहिले होते, याची त्यांनी आठवण दिली आणि आईवडिलांना दोषमुक्त जाहीर केले. सभागृह उठून उभे राहिले. टाळ्या वाजवणाऱ्यांत वीस-वीस वर्षे तो ठपका वागवलेल्या आया होत्या. आपल्या शब्दांनी त्या ठपक्याला किती खतपाणी मिळाले, याचा पुरता हिशेब कॅनर यांनी दिला नाही, हेही नमूद करायला हवे.

१९७१ चे नियतकालिक

१९७१ मध्ये ऑटिझमला वाहिलेले पहिले नियतकालिक निघाले. त्याचे संपादक कॅनर होते. पहिल्याच वर्षीच्या अंकांत तीन लेख असे आले की आजच्या संशोधनाची बीजे त्यांत दिसतात.

पहिला स्वतः कॅनर यांचा. अकरा मुलांचे अठ्ठावीस वर्षांनी काय झाले, हे त्यांनी शोधून काढले. मोठमोठ्या संस्थांत टाकलेली मुले खंगत गेली होती. डोनाल्ड मात्र एका शेतकरी कुटुंबात काही वर्षे राहून, शेतातली कामे शिकत, मोजमाप शिकत वाढला होता. तो पदवीधर होऊन बँकेत नोकरी करत होता. त्याच्या गावाने त्याला सांभाळून घेतले. २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी तो वारला.

दुसरा लेख स्टेला चेस यांचा. १९६४ च्या सुमारास अमेरिकेत रुबेलाची, म्हणजे जर्मन गोवराची, मोठी साथ आली होती. गरोदरपणात आईला रुबेला झाला अशा न्यूयॉर्कमधल्या २४३ मुलांची चेस यांनी तपासणी केली. त्यातल्या १० जणांत ऑटिझम आणि ८ जणांत त्याची काही लक्षणे दिसली. त्या काळी ऑटिझमचे प्रमाण दहा हजारांत चार-पाच मुले एवढे धरले जाई. आईच्या पोटात असताना झालेला संसर्ग बाळाच्या मेंदूवर परिणाम करू शकतो, याचा हा ठळक पुरावा होता.

तिसऱ्या लेखात एका कुटुंबाची हकिगत होती. घरातल्या एका मुलाला ऑटिझम होता आणि त्याच घरात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथींवर उलटण्याचे आजार होते. प्रतिकारशक्ती आणि ऑटिझम यांचा काही धागा असेल का, हा प्रश्न तिथे विचारला गेला.

कॅनर ३ एप्रिल १९८१ रोजी मेरीलँडमध्ये, ८६ व्या वर्षी वारले. त्यांच्या हयातीतच, १९७७ मध्ये, लंडनला झालेल्या जुळ्यांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा मोठा वाटा दाखवून दिला होता. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी चार जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता. वेगवेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या १० जोड्यांत असे एकही उदाहरण नव्हते.

टाचेतल्या रक्ताचा थेंब

जन्मजात म्हणजे नेमके काय, हे पाहायला कॅनर यांच्याकडे साधन नव्हते. ते त्यांच्या हयातीत वेगळ्याच कारणासाठी तयार झाले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट गथ्री यांनी बाळाच्या टाचेला सुई टोचून रक्ताचे थेंब टिपकागदावर घेण्याची पद्धत काढली. ती एका चयापचयाच्या आजाराच्या तपासणीसाठी होती. डेन्मार्कमध्ये १९८२ पासून असे कागद जपून ठेवले आहेत, कॅलिफोर्नियातही ते साठवले जातात. त्यामुळे आज एखाद्या मुलाला ऑटिझम असल्याचे निदान झाले, तर ते दोन-तीन दिवसांचे असतानाच्या रक्तात काय होते हे संशोधकांना मागे जाऊन पाहता येते.

ते प्रामुख्याने सायटोकाइन नावाची द्रव्ये मोजतात. प्रतिकारशक्तीच्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात तो याच द्रव्यांतून. मेंदूतही प्रतिकारक्षम पेशी असतात. वाढत्या मेंदूतील जास्तीचे जोड छाटण्याचे काम त्या करतात, एखाद्या माळ्याने फांद्या छाटाव्यात तसे. गाभण उंदरिणीची प्रतिकारयंत्रणा मुद्दाम चेतवली तर तिच्या पिल्लांचे वागणे बदलते, हे प्रयोगांत दिसले आहे. म्हणून माणसातही तसा दुवा असेल का, याचा शोध सुरू आहे.

आतापर्यंतचे उत्तर सावध आहे. ऑटिझम असलेल्या मुलांच्या जन्मावेळच्या रक्तात काही द्रव्यांची सरासरी थोडी वेगळी आढळते, पण एका अभ्यासात वाढलेले द्रव्य दुसऱ्या अभ्यासात कमी निघते. शिवाय दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एका बाळाच्या रक्तावरून त्याचे भविष्य सांगता येत नाही. गरोदरपणात ताप आलेल्या बहुसंख्य स्त्रियांच्या मुलांना ऑटिझम होत नाही. त्यामुळे नवजात बाळाची प्रतिकारशक्ती तपासून ऑटिझम ओळखून देतो असे कोणी सांगत असेल, तर पैसे घरीच ठेवावेत. स्टेम सेलच्या इंजेक्शनांबाबत तर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे, की ऑटिझमसाठी त्यांची शिफारस करता येत नाही.

आपल्या हातात काय आहे

रुबेलाचा धागा मात्र पक्का आहे आणि त्यावर उपाय आहे. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम झाली. ही लस बाळाला ९ ते १२ महिन्यांत आणि नंतर १६ ते २४ महिन्यांत सरकारी केंद्रांत मोफत मिळते. या लशीने ऑटिझम होतो ही अफवा इंग्लंडमधल्या एका लेखातून पसरली. तो १९९८ चा लेख नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. त्यानंतर डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा मागोवा घेतला गेला, संबंध आढळला नाही. आज लस घेतलेली मुलगी उद्या गरोदर राहील, तेव्हा तिच्या बाळाचेही रक्षण होईल.

निदानासाठी आजही कॅनर यांचाच मार्ग आहे, मुलाला नीट पाहणे आणि आईबापांचे ऐकणे. वर्षाचे बाळ नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचे बोट दाखवून काही दाखवत नसेल, दोन वर्षांचे दोन शब्द जोडून बोलत नसेल किंवा आलेले शब्द विसरत असेल, तर बाप उशिरा बोलला होता म्हणून वाट पाहू नये. आधी कान तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते, त्याला दाखवावे. तिथून जिल्हा पातळीवर तपासणी आणि उपचारांसाठी पाठवता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र आणि सवलती मिळू शकतात.

डोनाल्डच्या वडिलांचे ते तेहतीस पानी पत्र नसते, तर कॅनर यांना सुरुवातीचा धागा मिळाला नसता. मूल काय करते, केव्हापासून करते, हे आईइतके बारकाईने कोणी पाहिलेले नसते. घरातल्यांनी निकाल देणे थांबवले, तर दवाखान्यात तिला ते मोकळेपणाने सांगता येते. आणि उपचाराची सुरुवात तिथूनच होते.